रुमाल सगळ्यांनी पाहिला, तिला कुणी विचारलं? – रेनेसाँ नाटकांतलं प्रेम, संशय आणि फसवणूक

निर्झरा (धागाकर्ती)

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा विषय निघाला की बोलणं इयागोवर, म्हणजे सेनापती ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल, डेस्डेमोनाबद्दल, संशय पेरणाऱ्या त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यावर येतं आणि तिथंच अडकतं. केवढा पाताळयंत्री, केवढा थंड डोक्याचा! मला हे पटेनासं झालंय. इयागोच्या हुशारीला आपण गरजेपेक्षा जास्त मान देतो आणि त्या भरात ऑथेल्लो फार स्वस्तात सुटतो.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश घ्या. ऑथेल्लोचा दुसरा अधिकारी कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून निघून जातोय, लांबून ऑथेल्लो आणि इयागो येतायत. इयागो पुटपुटतो, हे काही मला बरं दिसत नाही. काय म्हणालास? काही नाही, सरकार. म्हणजे… नाही, काही नाही. मग थोड्या वेळाने एक साधा प्रश्न: तुमचं जुळत होतं तेव्हा कॅसिओला ते ठाऊक होतं का? होतं की, आमचे निरोप तोच तर ने-आण करायचा, ऑथेल्लो सांगतो. 'असं?' एवढं म्हणून इयागो गप्प. पुढची सगळी खोदाखोद ऑथेल्लोची आहे. तुझ्या मनात काय आहे ते सांग, सगळ्यात वाईट असेल ते सांग, म्हणून तोच मागे लागतो. इयागो आढेवेढे घेत राहतो आणि समोरचा माणूस आरोपपत्र स्वतःच लिहून काढतो.

आता याच माणसाने बायकोला काय विचारलं ते पाहा. आधी आपण तिला दिलेला रुमाल मागतो. चौथ्या अंकात तिला वेश्या म्हणतो. ती विचारते, माझ्या हातून नकळत कोणतं पाप घडलं? तो तिचेच शब्द तिच्या तोंडावर फेकतो, पाप कोणतं ते सांगत नाही. कॅसिओचं नाव घेऊन आरोप होतो तो थेट शेवटच्या अंकात, ती बिछान्यात आणि हा जीव घ्यायला उभा असताना. ती म्हणते, त्याला बोलवा, त्याला विचारा. हा म्हणतो, त्याचं तोंड बंद झालंय. खरं तर कॅसिओ तेव्हा जिवंत आहे, पायाला जखम घेऊन बाहेर पडलेला आहे. नुसतं दार उघडून चौकशी केली असती तरी ती वाचली असती.

शेक्सपिअरला हेच दाखवायचं होतं, असं मला त्याने मूळ गोष्टीत केलेल्या बदलांवरून वाटतं. गोष्ट इटलीतल्या जिराल्दी चिंथिओची, 1565 साली छापलेल्या त्याच्या कथासंग्रहातली. तिथे इयागोच्या जागी असलेल्या अधिकाऱ्याचं डिस्डेमोनावर प्रेम असतं, ती दाद देत नाही म्हणून तो सूड उगवतो. आणि रुमाल तो स्वतः चोरतो. ती त्याच्या लहान मुलीला कडेवर घेऊन लाड करत असते, तेवढ्यात हा तिच्या कमरेचा रुमाल काढून घेतो. नाटकात ही चोरी नाही. ऑथेल्लोचं डोकं दुखतंय, डेस्डेमोना रुमाल बांधायला जाते, तो 'फार लहान आहे' म्हणून झिडकारतो, रुमाल खाली पडतो, दोघंही निघून जातात. तिची सखी एमिलिया तो उचलते आणि नवऱ्याला, म्हणजे इयागोला देते; पुढे तोच रुमाल डेस्डेमोनाविरुद्धचा पुरावा ठरतो. खलनायकाच्या हातून मुद्दाम काहीतरी काढून घेतलंय आणि नवऱ्याच्या हाताचा एक झटका त्या जागी आणून ठेवलाय.

तर मला चर्चा हवी आहे ती अशी: त्या काळच्या, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या रेनेसाँ नाटकांत संशय, प्रेम आणि फसवणूक यांचा हाच मेळ पुन्हा पुन्हा येतो. जिच्यावर संशय आहे तिला सरळ विचारणारा आणि उत्तर मनापासून ऐकून घेणारा पुरुष तुम्हाला कुठल्या नाटकात सापडला का? फक्त शेक्सपिअर नको. स्पेन, इटली, बेन जॉन्सन, जे वाचलं असेल ते आणा.

---

नेपथ्यकार

धागा आवडला, पण ऑथेल्लोवर थोडा अन्याय होतोय. तो अगदीच कुणाला विचारत नाही असं नाही. चौथ्या अंकाचा दुसरा प्रवेश सुरूच एमिलियाच्या उलटतपासणीने होतो. तुला काही दिसलं नाही? कुजबुज नाही? तुला पंखा आणायला, हातमोजे आणायला बाहेर पाठवलं नाही? ती प्रत्येकाला नाही म्हणते आणि डेस्डेमोना निष्कलंक आहे यावर आत्मा पणाला लावायला तयार असल्याचं सांगते.

दुसरं, या नाटकात खोटं फक्त इयागो बोलत नाही. रुमाल कुठे हरवला म्हणून डेस्डेमोना विचारते तेव्हा एमिलिया 'मला माहीत नाही' म्हणते. स्वतः उचलून दिलेला असताना. डेस्डेमोना नवऱ्याला सांगते की रुमाल हरवलेला नाही. आणि ऑथेल्लो? एकदा सांगतो की रुमाल त्याच्या आईला इजिप्तच्या एका जादूगारणीने दिला. शेवटच्या प्रवेशात तोच रुमाल वडिलांनी आईला दिलेला होतो. इयागोचं मोठं खोटं या छोट्या खोट्यांच्या आडोशाने वाढलंय. नुसतं 'विचारलं नाही' म्हणून भागत नाही. विचारलं तेव्हाही खरं उत्तर मिळत नव्हतं.

---

निर्झरा

नेपथ्यकार, एमिलियाचा प्रवेश मनात होताच. पण ती गेल्यावर तो काय म्हणतो बघा: हिने पुरेसं सांगितलं, पण एवढं तर कुठलीही कुंटणी सांगेल. म्हणजे उत्तर काहीही आलं तरी ते धरायचं नाही हे आधीच ठरलेलं. इयागोला तो पुरावा मागतो तेव्हा इयागो काय देतो? कॅसिओ झोपेत काय बरळला याची एक कहाणी. ती मात्र ताबडतोब खरी. एका पुरुषाच्या स्वप्नाची साक्ष चालते, बाईची शपथ चालत नाही.

छोट्या खोट्यांचा मुद्दा मात्र मोलाचा आहे. डेस्डेमोना खोटं बोलते तेव्हा ती घाबरलेली असते, हेही धरावं लागेल.

---

अक्षरवेल

निर्झराताई, तुम्ही विचारलेला पुरुष आहे. बेनेडिक. शेक्सपिअरचंच 'मच अडू अबाउट नथिंग', छापील प्रत 1600 सालची.

कारस्थान तुम्हाला माहीत असेल. क्लॉडिओ आणि हीरोच्या लग्नाच्या आदल्या रात्री खलनायक डॉन जॉन नवरदेव क्लॉडिओला आणि राजपुत्र डॉन पेद्रोला खिडकीखाली नेतो. डॉन जॉनचा माणूस बोराचिओ हीरोच्या दासीशी, मार्गारेटशी, हीरोच्या नावाने प्रेमाचं बोलतो. लांबून, अंधारात पाहिलेलं. हा देखावा रंगमंचावर घडत नाही, आपण तो फक्त बोराचिओच्या तोंडून ऐकतो. कुणी काय 'पाहिलं' ते आपल्याला दाखवलेलंच नाही. माझ्या मते नाटकातली सगळ्यात धारदार जागा हीच.

दुसऱ्या दिवशी मंडपात, सगळ्या गावासमोर, क्लॉडिओ हीरोला प्रश्न विचारतो: काल रात्री बारा ते एकच्या दरम्यान तुझ्या खिडकीशी तुझ्याशी कोण बोलत होतं? ती म्हणते, त्या वेळी मी कुणाशीच बोलले नाही. डॉन पेद्रोचा निकाल लगेच: म्हणजे तू कुमारिका नाहीस. विचारणं झालं, पण ती फाशीच्या आधीची औपचारिकता. सख्खा बाप लिओनातो म्हणतो, ही मेलेली बरी.

या गदारोळात बिआट्रिस एकच वाक्य बोलते, माझ्या बहिणीवर बालंट आलंय. तिच्याजवळ पुरावा नाही. उलट तिला विचारतात, काल तू हिच्या खोलीत झोपली होतीस का? तर दुर्दैवाने नेमकी कालच नव्हते, त्याआधी वर्षभर रोज होते. साक्ष हवी होती नेमकी तेवढ्याच रात्रीची. मग सगळे गेल्यावर बेनेडिक आणि ती दोघंच उरतात. प्रेमाची कबुली होते आणि ती म्हणते, क्लॉडिओला मार. तो आधी साफ नाही म्हणतो, क्लॉडिओ त्याचा जिवलग मित्र आहे. पुढे तो थांबून तिला विचारतो: तुझ्या अंतरात्म्याला वाटतं का, की क्लॉडिओने हीरोवर अन्याय केलाय? ती म्हणते, मला आत्मा आहे हे जितकं खरं तितकंच. यावर तो म्हणतो, पुरे, मी त्याला आव्हान देतो.

त्याने काहीच पाहिलेलं नाही. पहारेकऱ्यांनी बोराचिओला पकडलंय हेही त्याला माहीत नाही. फक्त तिच्या शब्दावर तो मित्राशी वैर घेतो. ज्याला सगळ्यांनी मिळून फसवून प्रेमात पाडलं, झाडीत लपवून खोटी संभाषणं ऐकवली, तोच माणूस खरं-खोटं ओळखतो. एकाच नाटकात एक फसवणूक लग्न मोडते आणि दुसरी लग्न जमवते. प्रेमासाठी शेक्सपिअरने घातलेली सगळ्यात मोठी अट मला इथे दिसते.

---

रानजाई

अक्षरवेल, हे वाचून अंगावर काटा आला. पण मग हीरो शेवटी त्याच क्लॉडिओशी लग्न करते ते मला आजही सहन होत नाही. त्याला खरं कळतं तेव्हाही तो म्हणतो, माझी चूक झाली ती फक्त गैरसमजाने. एवढ्यावर सुटका?

---

मुचकुंद

रानजाई, शेक्सपिअरचंच 'विंटर्स टेल' वाचा. हीच सुटका नाकारण्यासाठी लिहिलंय असं वाटतं. त्या काळच्या लंडनमधल्या सायमन फोरमन नावाच्या ज्योतिषाने 15 मे 1611 रोजी ग्लोब नाटकघरात हे नाटक पाहिल्याची नोंद आहे.

इथे इयागोच नाही. सिसिलीचा राजा लिआँटिस स्वतः बायकोला सांगतो, माझ्या मित्राला अजून काही दिवस राहायचा आग्रह कर. ती करते, मित्र थांबतो, ती त्याचा हात हातात घेते, आणि तेवढ्यावर राजाचं डोकं फिरतं. कुणी कान भरलेले नाहीत. उलट सगळा दरबार त्याला सांगतोय की तुमचं चुकतंय. निर्झरा म्हणते ते इथे उघडं पडतं: संशयाला इयागो लागतोच असं नाही, असला तर सोय होते. लिआँटिसची एक उपमा आहे. पेल्यात कोळी असला आणि पिणाऱ्याला दिसला नाही तर विष बाधत नाही; दिसला की ओकाऱ्या सुरू होतात. मी प्यायलो आणि मी कोळी पाहिलाय, तो म्हणतो. पेल्यात कोळी होता का, हे मात्र तो तपासत नाही.

आणि राणीला, हर्मायनीला, विचारलं जातं. रीतसर खटला चालतो. नुकतीच बाळंत झालेली राणी भर कोर्टात उभी राहते आणि म्हणते, मी निर्दोष आहे असं सांगून काय होणार? माझा खरेपणाच खोटेपणा धरला गेलाय, मग त्या खरेपणाने दिलेलं उत्तरही खोटंच ठरणार. शेवटी अपोलो देवाचा कौल उघडतात. त्यात स्वच्छ लिहिलंय, हर्मायनी शुद्ध आहे. राजा म्हणतो, या कौलात काही तथ्य नाही. त्याच क्षणी मुलगा गेल्याची बातमी येते, आणि तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडतात. मग 16 वर्षं पश्चात्ताप. रॉबर्ट ग्रीनच्या 'पँडोस्टो' या 1588 च्या मूळ कथेत राणी खरंच मरते. शेक्सपिअरने तिला परत आणलं, पण मुलगा परत आणला नाही. सगळं भरून मिळत नाही.

आपल्याकडे या जातीचं नाटक म्हणजे देवलांचं 'संशयकल्लोळ'. फाल्गुनराव आणि कृत्तिका, दोघंही एकमेकांवर संशय घेतात, खलनायक कुणीच नाही, आणि सगळा गोंधळ एका तसबिरीचा. त्याचं मूळ आर्थर मर्फीच्या 1761 च्या इंग्रजी सुखात्मिकेत आणि तिचं मोलिएरच्या 1660 च्या फार्समध्ये. कृत्तिकेच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर दिसली की फाल्गुनरावाचं पुढचं गणित आपोआप सुटत जातं. रुमाल काय नि तसबीर काय, वस्तू बोलत नाही, म्हणून तिच्या तोंडी हवं ते घालता येतं. तेच देवल 1890 साली 'ऑथेल्लो'चं 'झुंजारराव' करतात. एकाच लेखकाने संशयाची शोकांतिकाही मराठीत आणली आणि प्रहसनही.

---

दूरदेशी

मी इथे वेगळं मत मांडतो. ऑथेल्लो आणि लिआँटिस एका तागडीत घालू नका.

लिआँटिस राजा आहे, आपल्या घरात, आपल्या देशात आहे. ऑथेल्लो व्हेनिसमध्ये भाड्याने आणलेला परका सेनापती आहे. त्याला युद्धाच्या कहाण्या सांगायला घरी बोलावणारा ब्रॅबँशिओ, मुलीने लग्न केल्यावर त्याच्यावर जादूटोण्याचा आरोप ठेवतो. भर सभेत सासरा सांगतो, हिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल. तिसऱ्या अंकात इयागो हेच वाक्य पुन्हा वापरतो. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारं म्हणजे, मला आमच्या लोकांची रीत ठाऊक आहे. व्हेनिसच्या बायका देवाला दिसू देतात ते नवऱ्याला दिसू देत नाहीत. ऑथेल्लो यावर काय बोलणार? त्याला ती रीत ठाऊक नाही. जो परक्या समाजात राहतो त्याला 'आमच्यात असं असतं' म्हणणारा स्थानिक माणूस खरा वाटतो. मी बरीच वर्षं परदेशात आहे, हे मला नीट समजतं. तो बायकोचं ऐकत नाही हे खरं. पण आपल्यावर कुणी गोरी खानदानी मुलगी प्रेम करणं नैसर्गिकच नाही, हे त्याच्या मनात इयागोने जागं केलंय. त्याचा अविश्वास आधी स्वतःवर आहे.

ही भूमिका काळ्या नटाने केली की हा पदर लख्ख दिसतो असं म्हणतात ते उगाच नाही. आयरा ऑल्ड्रिजने 1833 साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये ती केली तेव्हा तिथल्या काही वर्तमानपत्रांनी त्याच्यावर अश्लाघ्य टीका केली. पॉल रोब्सनचे 1943 पासून ब्रॉडवेवर 296 प्रयोग झाले. व्हेनिस 'ऑथेल्लो'ला जे करतं तेच ऑल्ड्रिजला लंडनने केलं.

---

निर्झरा

दूरदेशी, 'अविश्वास आधी स्वतःवर' हे मान्य, आणि त्याने माझा राग थोडा वळतो. पण त्याचा भोग कुणी भोगायचा? डेस्डेमोना घर सोडून, बाप तोडून, युद्धाच्या बेटावर त्याच्या मागे आली. त्याच्यावरच्या प्रेमाचा यापेक्षा मोठा पुरावा व्हेनिसमध्ये कुणी दिला नव्हता. तोही त्याने इयागोच्या हाती दिला आणि इयागोने त्याचा अर्थ लावून परत केला: जी बापाला फसवू शकते…

---

रंगमळा

धाग्यात एक नाटक आलंच पाहिजे, टॉमस हेवुडचं 'अ वुमन किल्ड विथ काइंडनेस', 1603. 'ऑथेल्लो'च्या जेमतेम वर्षभर आधीचं. तिथे राजे-सेनापती नाहीत, गावाकडचं खात्यापित्या घरचं जोडपं आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे इथे व्यभिचार खरा आहे.

फ्रँकफर्ड वेंडल नावाच्या गरीब गृहस्थाला घरात घेतो, माझं ताट तुझं, माझा घोडा तुझा, असं म्हणतो. वेंडल त्याच्या बायकोला, अ‍ॅनला, नादाला लावतो. निकोलस नावाचा नोकर मालकाला सांगतो. आता फ्रँकफर्ड काय करतो? नोकराला आधी रागावतो. मग पत्त्यांचा डाव मांडतो आणि खेळता खेळता दोघांना न्याहाळतो. खेळाच्या प्रत्येक वाक्याला दोन अर्थ. मग चाव्यांच्या नकला करून घेतो, खोटं पत्र मागवून बाहेरगावी जायचं सोंग करतो आणि मध्यरात्री चोरासारखा आपल्याच घरात शिरतो. ही फाटकाची चावी, ही दिवाणखान्याची, ही आतल्या खोलीची, आणि ही शेवटची… प्रत्येक दाराशी तो थबकतो. मला वाटतं त्या काळच्या इंग्रजी रंगभूमीवर नवऱ्याच्या मनाचं इतकं जवळून चित्रण दुसरं नाही. शेवटच्या दाराशी तो परत फिरायलाही तयार आहे. दोघं झोपलेली सापडतात. तो बाहेर येतो, देवाला विनवतो की झालेलं न झालेलं करता येतं तर! वेंडलवर तलवार घेऊन धावतो, एक दासी त्याचा हात धरते, आणि तो तिचे आभार मानतो.

मारत नाही. अ‍ॅनला तिच्या सगळ्या कपड्यालत्त्यांसह सात मैलांवरच्या दुसऱ्या वाड्यावर पाठवतो. नोकरचाकर, खर्च सगळं देतो. फक्त नवरा आणि मुलं पुन्हा दिसणार नाहीत. मागे राहिलेलं तिचं ल्यूट वाद्यसुद्धा पाठवून देतो. ती अन्न सोडते आणि मरते. मरताना तो येऊन क्षमा करतो.

जाता जाता एक नोंद: नाटकमंडळीचा हिशेब ठेवणाऱ्या हेन्स्लोच्या वहीत या नाटकासाठी काळ्या मखमलीच्या बायकी पोशाखाचे 6 पौंड 13 शिलिंग लागले आहेत. लेखकाला नाटकाचे मिळाले 6 पौंड.

---

रानजाई

पण ही दया आहे का? मुलं तोडायची, घर तोडायचं, आणि वर मी हात उचलला नाही म्हणून मोठेपणा मिरवायचा. ती उपाशी राहून मरते तेव्हाच तिला क्षमा मिळते. जिवंत असताना का नाही?

---

रंगमळा

रानजाई, नाटकाचं नावच तो प्रश्न अंगावर घेतं: दयेने मारलेली बाई. हेवुडला ती दया पूर्णपणे चांगली वाटत होती की नाही, यावर वाचकांत दोन तट पडणारच. मला एवढंच दिसतं की हा नवरा पुरावा स्वतः मिळवतो, खरा मिळवतो, आणि तरी दासीने हात धरल्यावर थांबतो. ऑथेल्लोकडे पुरावा नाही आणि त्याचा हात धरायला त्या खोलीत कुणी नाही. एमिलिया दार ठोठावत असते, पण दार आतून बंद आहे.

---

वाळवंटीचा

बेन जॉन्सनचा संशयी नवरा कोर्विनो कुणी आणला नाही अजून. 'व्होल्पोनी', 1606. रस्त्यावरच्या भोंदू वैद्याकडे बायकोने खिडकीतून रुमाल टाकला (पुन्हा रुमाल!) म्हणून हा तिला कोंडून घालायला, खिडकी भिंत घालून बंद करायला निघतो. थोड्याच वेळात त्याला कळतं की म्हाताऱ्या व्होल्पोनीच्या शेजेला एक तरुण बाई दिली तर वारसाहक्क मिळेल. लगेच हाच नवरा त्याच बायकोला सजवून स्वतः तिथे घेऊन जातो. ती रडते, मला विष दे म्हणते. हा म्हणतो, यात काय एवढं!

जॉन्सनने एका फटक्यात दाखवून दिलं की संशयी नवऱ्याच्या लेखी बायको ही मालमत्ता आहे. मालकी धोक्यात आली की कुलूप, आणि भाव चांगला आला की विक्री. प्रेमाचा इथे संबंधच नाही. मला हे नाटक वाचल्यावर बाकीच्या सगळ्या संशयी नवऱ्यांकडे नव्याने पाहावं लागलं.

---

पारिजातक

आतापर्यंत सगळे नवरेच आले. संशय घेणारी बाई हवी तर स्पेनला चला. लोपे दे वेगाचं 'माळ्याचं कुत्रं', 1618 साली छापलेलं. कुत्रं स्वतः खात नाही आणि दुसऱ्याला खाऊ देत नाही, तशी ही नायिका.

नेपल्समध्ये राहणारी दियाना ही सरदारीण. तिचा चिटणीस तेओदोरो तिच्याच दासीच्या, मार्सेलाच्या, प्रेमात आहे हे कळेपर्यंत तिने त्याच्याबद्दलची ओढ स्वतःशीही मानलेली नसते. कळल्यावर मात्र तिचं मन थाऱ्यावर राहत नाही. इथे संशय प्रेमाला मारत नाही, मत्सरातून प्रेम जन्माला येतं, आणि तिला ते कळतं. स्वतःच्या मनाबद्दल इतकं खरं बोलणारं या धाग्यात अजून कुणी आलेलं नाही. ती मार्सेलाला कोंडते, तेओदोरोला जवळ बोलावते, तो जवळ आला की त्याची पायरी दाखवते, आणि शेवटी रागाच्या भरात त्याच्या तोंडात मारते, रक्त येईपर्यंत. मग परत येऊन त्याचा रक्ताने भरलेला रुमाल मागून घेते आणि बदल्यात 2000 एस्कुदो देते. तुमच्या रुमालांच्या यादीत हाही घ्या; इथे तो कुणाच्या पापाचा पुरावा नाही, तिला स्वतःजवळ ठेवायचा आहे.

शेवट फसवणुकीने गोड होतो. त्रिस्तान नावाचा नोकर एका म्हाताऱ्या सरदाराला पटवतो की तेओदोरो हा तुमचा लहानपणी हरवलेला मुलगा. तेओदोरोला हे खोटं पचत नाही. तो दियानाला सगळं सांगून टाकतो आणि निरोप मागतो. ती म्हणते, तुझ्या खरेपणाने तर मी आणखीच तुझी झाले. जगाला पटेल एवढं कारण मिळालंय, लग्न करू. निर्झराताई, न विचारता खरं सांगणारा पुरुष हवा असेल तर हा घ्या.

हेही लक्षात घ्या की स्पेनमध्ये अशा भूमिका बायकाच करत होत्या. इंग्लंडमध्ये मुलगे.

---

नेपथ्यकार

पारिजातकच्या शेवटच्या वाक्यावरून. सप्टेंबर 1610 मध्ये शेक्सपिअरच्या कंपनीने ऑक्सफर्डला 'ऑथेल्लो'चा प्रयोग केला. तो पाहिलेल्या हेन्री जॅक्सन नावाच्या विद्वानाचं लॅटिन पत्र उपलब्ध आहे. तो लिहितो की डेस्डेमोना सगळ्या नाटकात छान होतीच, पण मारली गेल्यावर बिछान्यात पडलेली असताना नुसत्या चेहऱ्याने तिने प्रेक्षकांची करुणा मागितली. 'तिने' असंच लिहितो. मुलगा होता हे त्याच्या लेखी उरलेलंच नाही. बालगंधर्वांची रेवती 1916 साली 'संशयकल्लोळ'मध्ये ज्यांनी पाहिली असेल त्यांना यात नवल वाटलं नसतं. पुढे 8 डिसेंबर 1660 ला लंडनच्या धंदेवाईक रंगभूमीवर पहिल्यांदा बाईने काम केल्याची नोंद मिळते, ती भूमिकाही डेस्डेमोनाचीच.

---

अक्षरवेल

मुचकुंदांनी लिआँटिसचा पश्चात्ताप सांगितला, पण तो देवाच्या कौलानंतर आणि मुलाच्या मृत्यूनंतर आला. शेक्सपिअरच्या 'सिंबलिन'मधला पोस्थ्युमस त्याच्याही पुढे जातो आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

रोममध्ये पोस्थ्युमस आणि याकिमो यांच्यात पैज लागते, पोस्थ्युमसच्या बायकोच्या, इमोजनच्या, निष्ठेवर. याकिमो पेटीत लपून इमोजनच्या शयनगृहात जातो, ती झोपलेली असताना खोलीची बारीकसारीक नोंद करतो, हातातलं कडं काढून घेतो, छातीवरचा तीळ पाहून ठेवतो. पोस्थ्युमसला एवढं पुरतं. यजमान फिलारिओ सांगतो, अहो, कडं चोरीलाही गेलं असेल. तो क्षणभर मानतो आणि पुन्हा उसळतो. तिला काही न विचारता नोकर पिझानिओला पत्र पाठवतो, हिला मारून टाक. पिझानिओ मारत नाही, पण रक्ताचं फडकं पुरावा म्हणून पाठवून देतो.

पाचवा अंक उघडतो तो त्या फडक्यापाशी. पोस्थ्युमस ते हातात धरून बोलतो. त्याला अजूनही वाटतंय की तिचं पाऊल घसरलं होतं. निर्दोष असल्याचं कळलेलंच नाही. तरी तो म्हणतो, अहो नवरेमंडळी, तुम्ही सगळ्यांनी माझ्यासारखं केलंत तर जरासं चुकलेल्या, पण तुमच्याहून कितीतरी चांगल्या बायका मारल्या जातील. तिची शुद्धता सिद्ध व्हायच्या आधीचा हा पश्चात्ताप आहे. क्लॉडिओ, ऑथेल्लो, लिआँटिस, तिघांनाही 'ती निर्दोष होती' हे कळावं लागलं. याला कळावं लागत नाही. ती दोषी असती तरी मला हा अधिकार नव्हता, इथपर्यंत तो पोचतो.

शेवटच्या प्रवेशात वेषांतरातली इमोजन पुढे येते तेव्हा हाच माणूस तिला न ओळखता धक्का मारून पाडतो. सवय इतक्या लवकर जात नाही, हेही शेक्सपिअरने लिहून ठेवलंय.

---

निर्झरा

अक्षरवेल, पोस्थ्युमसच्या या भाषणावर माझ्याकडून स्वतंत्र धागा यायला हवा. मला हवं होतं ते हेच. 'ती निर्दोष होती, म्हणून वाईट वाटतं' यात एक गृहीतक दडलेलं असतं की दोषी असती तर चाललं असतं. फ्रँकफर्डचं नाटक आणि हे भाषण, दोन्ही त्या गृहीतकाला हात घालतात.

'ऑथेल्लो'त ते काम एमिलिया करते. इयागो तिला गप्प बस, घरी जा म्हणतो. ती म्हणते, नवऱ्याचं ऐकणं माझं कर्तव्य आहे, पण आत्ता नाही. रुमाल मी उचलला, मी दिला, हे ती भर सभेत सांगते आणि त्यासाठी नवऱ्याच्या हातून मरते. मग ऑथेल्लो आयुष्यातला खरा प्रश्न विचारतो, याने मला असं का अडकवलं ते याला विचारा. आणि इयागो म्हणतो, मला काही विचारू नका. यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. जिला विचारायचं ती सांगायला तयार होती.

---

नेपथ्यकार

वाचायला घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. 'ऑथेल्लो'ची 1622 ची छोटी प्रत आणि 1623 च्या फोलिओतली (शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या एकत्रित आवृत्तीतली) संहिता यांत बराच फरक आहे. चौथ्या अंकाच्या शेवटी डेस्डेमोना निजायला जाते तेव्हाचं विलो झाडाचं गाणं आणि एमिलियाचं नवऱ्यांवरचं भाषण 1622 च्या प्रतीत नाही. त्या भाषणात ती म्हणते, बायकांनाही नवऱ्यांसारखीच जाण असते. त्याही पाहतात, वास घेतात, त्यांच्या जिभेलाही गोड-आंबट कळतं. त्यांनाही ओढ आहे, त्यांच्यातही कमकुवतपणा आहे. मग आम्हाला नीट वागवा, नाहीतर आमची पापं आम्ही तुमच्याकडूनच शिकलो असं समजा. मराठीत वाचणार असाल, महादेवशास्त्री कोल्हटकरांचा 1867 चा अनुवाद असो की नंतरचा कुठलाही, आधी हा प्रवेश उघडून भाषण पूर्ण आहे ना ते तपासा. प्रयोगातही बरेचदा हाच प्रवेश कापतात, वेळ वाचवायला. इथे चर्चा झालेल्या कितीतरी प्रश्नांचं उत्तर त्या भाषणात आहे.

---

रानजाई

नेपथ्यकार, माझ्याकडच्या प्रतीत पाहिलं. गाणं आहे, भाषण अर्धंच घेतलंय. दुसरी प्रत मागवते आणि पूर्ण वाचून इथेच लिहिते.